नवटाक म्हणजे नक्की किती? आणि त्यातला 'नव' कुठला?

किराणा_तिसरी_पिढी

नमस्कार मंडळी. आमचं बार्शीला जुनं किराणा दुकान आहे, आता भाऊ बघतो. मागच्या आठवड्यात माळा आवरायला काढला तर आजोबांच्या हिशेबाच्या वह्या निघाल्या, लाल कापडी बांधणीच्या, आणि एका पोत्यात तेलाची जुनी पितळी मापं. लांब उभा दांडा, दांड्याचं टोक आकड्यासारखं वळवलेलं म्हणजे डब्याच्या काठाला अडकवता येतं. वहीत पानोपानी बारक्या उधाऱ्या आहेत, 'गोडेतेल नवटाक', 'तूप नवटाक', 'घासलेट पावशेर' अशा. काही ठिकाणी शब्दच नाही, नुसती एक ऽ सारखी खूण आणि तिच्यापुढे दोन आडव्या रेघा.

आता घरात यावरून जुंपलीय. आत्या म्हणते नवटाक म्हणजे पावशेराचं अर्धं, म्हणजे शेराचा आठवा भाग. बाबा म्हणतात नवटाक आणि छटाक एकच. आणि चुलतभाऊ म्हणतो नवटाक म्हणजे सरळ ९० मिली, कुठल्याही देशीच्या दुकानात जाऊन विचार. सगळ्यात लहान मापात मी पाणी भरून बायकोच्या केक करायच्या कपात ओतून बघितलं तर १२५ मिलीच्या आसपास आलं, कपावरच्या खुणा जाड आहेत त्यामुळे थोडं इकडेतिकडे धरा. आत्याचं बरोबर आहे असं धरलं तरी माझं डोकं एकाच ठिकाणी अडकलंय, आठवा भाग असेल तर नावात नऊ कसे? अष्टटाक का नाही?

पेठेतला_म्हातारा

आत्याबाईंचं बरोबर आहे. शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक अशी ती उतरंड. प्रत्येक वेळी निम्मं करत जायचं. अच्छेर म्हणजे अर्धा शेर, नवटाक आठवा, छटाक सोळावा. नवटाकालाच अदपाव पण म्हणायचे, अर्धा पाव, तो शब्द तर उघडच आहे. गिऱ्हाईक अदपाव म्हणो की नवटाक म्हणो, दुकानदार तेच माप डब्यात बुडवायचा.

आता नऊचं. टांक नावाचं एक बारकं वजन होतं, आणि मुंबई इलाख्यातल्या जुन्या कोष्टकात शेराचे ७२ टांक असायचे. अर्ध्या शेराचे ३६, पावशेराचे १८, आणि त्याच्या निम्मे ९. झालं नवटांक. अनुस्वार बोलण्यात गळला. म्हणजे शेराचा आठवा भाग आणि नऊ टांक यात भांडण नाहीच, एक मोजणी वरून खाली आलीय आणि दुसरी खालून वर गेलीय.

आणि त्या दोन आडव्या रेघा म्हणजे पण नवटाकच आहे बरं का. जुन्या हिशेबात सगळं सोळांशात चालायचं, रुपयाचे सोळा आणे तसे शेराचे सोळा भाग. आडवी एक रेघ म्हणजे एक सोळांश, दोन म्हणजे दोन सोळांश, तीन म्हणजे तीन, आणि चार झाले की उभी एक रेघ, तोच पाव. दोन उभ्या म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. रेघांच्या आधीची ऽ ची खूण म्हणजे पूर्ण शेर एकही नाही, नुसता अपूर्णांक आहे. तुमच्या आजोबांना घाई असेल तेव्हा रेघा मारल्यात आणि निवांत असतील तेव्हा शब्द लिहिलाय एवढंच.

कोपऱ्यावरचा_गुत्ता

एवढं कशाला ताणताय राव 😄 नवटाक = नव्वद. पावशेर = क्वार्टर = १८०, त्याच्या निम्मं ९० म्हणून नवटाक. देशीच्या बाटल्याच त्या मापात येतात, १८० आणि ९०. आमच्या चाळीत लहानपणापासून ऐकतोय, 'काय, नवटाक मारून आला वाटतं'.

पेठेतला_म्हातारा

गुत्तेवाले भाऊ, मिलीलिटर या देशात यायच्या कितीतरी आधीपासून लोक नवटाक मारतायत. वजनमापांचा दशमान कायदा १९५६ चा, तो अंमलात यायला लागला १९५८ च्या ऑक्टोबरपासून आणि टप्प्याटप्प्याने सगळीकडे लागू व्हायला १९६२ उजाडलं. मुंबईत दारूबंदीचा कायदा त्याच्या आधीचा, १९४९ चा. तेव्हाच्या हातभट्टीवर ९० मिली मोजून द्यायला कोण बसलं होतं? तिथं पावशेर आणि नवटाकच चालायचं, किराण्याचंच माप उचललं होतं. नंतर १८० ची बाटली आली, तिला लोकांनी पावशेर म्हटलं आणि मग ९० ला आपोआप नवटाक. 'नव' आणि 'नव्वद' जुळले हा निव्वळ योगायोग आहे, पण इतका सोयीचा आहे की लोकांना तोच खरा वाटतो.

बीजगणित_बाई

७२ टांकांचा शेर फार जुना आहे आणि त्याचा एक मजेशीर पुरावा आहे म्हणून लिहिते. भास्कराचार्यांची लीलावती ११५० ची. तिच्या सुरुवातीला परिभाषा म्हणून मापांची कोष्टकं आहेत, त्यात शेर नाही, गुंजा, वल्ल, धरण, गद्याणक अशी आपली जुनी मापं आहेत. पण काही पोथ्यांमध्ये मध्येच एक जास्तीचा श्लोक येतो, तो मूळचा नाही, नंतर कुणीतरी घातलेला. त्यात म्हटलंय की पाऊण गद्याणकाएवढा एक टंक, असे 'द्विसप्त' टंक म्हणजे एक सेर, आणि 'खयुग' सेर म्हणजे एक मण, धान्य वगैरे तोलायला ही तुरुष्कांची, म्हणजे तुर्कांची, संज्ञा आहे. अंक उलट्या बाजूने वाचायचे, द्वि म्हणजे २ आणि सप्त म्हणजे ७, झाले ७२. ख म्हणजे शून्य, युग म्हणजे चार, झाले ४०. म्हणजे पेठेतल्या काकांनी सांगितलेलं कोष्टक जसंच्या तसं, श्लोकात बसवलेलं! कुणीतरी शिकवणाऱ्या पंतोजीला वाटलं असणार की पोरांना बाजारात लागणारं माप पुस्तकात नाही, मग घातलं ठोकून.

आता हिशेब करून बघू. लीलावतीतच आहे की ३ गुंजांचा वल्ल, ८ वल्लांचं धरण, २ धरणांचा गद्याणक. म्हणजे गद्याणक ४८ गुंजांचा, त्याचा पाऊण म्हणजे ३६ गुंजा. गुंजेचं वजन तोळ्याच्या शहाण्णवाव्या भागाने धरलं, म्हणजे साधारण ०.१२ ग्रॅम, तर एक टांक ४.३७ ग्रॅम आणि ७२ टांकांचा शेर ३१५ ग्रॅम. आणि इंग्रजांच्या काळातला मुंबईचा मण २८ पौंडांचा होता, त्याचा चाळिसावा भाग ३१७.५ ग्रॅम. पोथीतल्या गुंजा आणि इंग्रजांचे पौंड यांच्यात जेमतेम अडीच ग्रॅमचा फरक. मी दोनदा कॅल्क्युलेटर बडवला.

किराणा_तिसरी_पिढी

बीजगणित ताई, भारीच. पण मग माझा घोळ वाढला की. शेर ३१७ ग्रॅमचा असेल तर नवटाक ४० ग्रॅमच्या पण आत येतं. माझं माप तर त्याच्या तिप्पट आहे. मग ते नवटाक नाहीच का? आणि बाबांच्या छटाकाचं काय, ते अजून ऐकायला तयार नाहीत 😅

तागडी_सराफ

तुमचं माप नवटाकच आहे, शेर वेगळा आहे.

शेर नावाचं एकच एक वजन कधीच नव्हतं, प्रत्येक पेठेचा शेर निराळा असायचा आणि कच्चा शेर पक्का शेर ही भानगड त्यावर आणखी. ताईंनी काढला तो मुंबईचा लहान शेर. दुसरा मोठा, ८० तोळ्यांचा. इंग्रजांनी १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा ठरवून टाकला, रुपयाच्या नाण्याच्या वजनाएवढा, म्हणजे दुकानदाराला वजन तपासायला खिशातला रुपया पुरायचा. ८० तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमचा, आणि १९५६ च्या कायद्यात जुन्याचं नवं करायला हाच शेर धरलाय. त्याचा आठवा भाग १० तोळे, ११६.६ ग्रॅम. तुमच्या आजोबांचं दुकान याच शेरावर चालत असणार.

गंमत अशी की ८० तोळ्यांच्या शेरात नऊ टांकांचं गणित बसतच नाही. शेर बदलला, टांक बाजारातून गेला, कुणाला आठवत पण नव्हता, पण आठव्या भागाचं नाव नवटाक ते नवटाकच राहिलं. छटाकाचं तर त्याहून पुढचं आहे. छटाक म्हणजे सहा टांक असं सांगतात, पण ७२ ला १६ ने भागा, साडेचार येतात. म्हणजे छटाकातला टांक आणि नवटाकातला टांक एका घरचे नाहीतच, छटाक उत्तरेकडच्या कोष्टकातून इकडे आलेलं, आणि आपण दोघांना एकाच उतरंडीत बसवलं. वडिलांना सांगा की दोन छटाकांचं एक नवटाक होतं. छटाक ५ तोळ्यांचं, ५८ ग्रॅम. ऐकले तर बघा.

आता माप. घरी सोनाराचा नाहीतर निदान स्वयंपाकाचा ग्रॅमचा काटा असेल तर पाणी नको, तेल भरून तोला. कारण तेल वजनाच्या शेराने विकायचे पण दर गिऱ्हाइकाला तागडी कोण लावणार, म्हणून तेवढं वजन भरेल अशी मापं करून घ्यायची. तेल पाण्यापेक्षा हलकं, १० तोळे शेंगतेल साधारण १२७ मिली जागा घेतं आणि १० तोळे पाणी ११७ मिलीच. म्हणजे दुधाचं नवटाक आणि तेलाचं नवटाक शेजारी ठेवलं तर तेलाचं जरा मोठं दिसायला पाहिजे.

किराणा_तिसरी_पिढी

तोललं. शेंगतेल काठोकाठ भरून, भांड्याचं वजन वजा करून ११५ ग्रॅम. बुडाला एक पोचा आहे.

तागडी_सराफ

मग प्रश्नच मिटला. दहा तोळ्यांचं तेलाचं माप आहे. पोचा कुणी मुद्दाम पाडला असेल तर तेवढाच दुकानदाराचा फायदा 😉 (आजोबांबद्दल म्हणत नाहीये हो.) दांड्यावर किंवा कडेला बारके छाप असतील तर तो सरकारी तपासणीचा शिक्का, त्यावरून कधीचं आहे ते कळू शकतं. आणि घरात शोभेला ठेवा, दुकानात वापरू नका. आता कायद्यात वजनं १, २, ५ च्या पटीतच चालतात, पाव किलोसुद्धा २०० आणि ५० घालून करावा लागतो. किलोचं नवटाक, म्हणजे १२५ ग्रॅम, करायचं तर १००, २० आणि ५ अशी तीन वजनं लागतात, म्हणून तर तो शब्द तराजूवरून उतरला असं माझं मत आहे. पावशेर टिकला कारण पाव किलोला लोक अजून पावशेरच म्हणतात. मंडईत भाजीवाली पावशेर गवार देते ती २५० ग्रॅम असते, जुना पावशेर २३३ चा होता. लोकांना त्यात १७ ग्रॅम जास्तच मिळतायत आणि कुणाची तक्रार नाही.

वऱ्हाडी_मिरची

जुनी मापं गेली म्हणता, आमच्याकडं या की अकोल्याले. कापसाचा भाव अजूनबी खंडीनं सांगतेत, पेपरात, टीव्हीवर, सगळीकडं. ती खंडी ३५६ किलोची. आता एवढा इचित्र आकडा कुठून आला त मुंबईच्या त्याच २८ पौंडाच्या मणातून, २८ मणाची कापसाची खंडी, अठ्ठावीस गुणिले अठ्ठावीस ७८४ पौंड, करा किलो. आन बाकी मालाची खंडी वीस मणाची. म्हणजे बीजगणित ताईनं काढलेला तो लहान शेर आजबी जिता आहे, फक्त कापसाच्या व्यापारात. शेतकऱ्याले भाव क्विंटलनं भेटते, व्यापारी खंडीनं बोलते, मधात गुणाकार करता करता आमचा बाप रात्री जागते.

रंगमंच_मागचा

टांकावरून आठवलं. उत्तरेतल्या नौटंकीचं नाव पण याच नऊ टांकांवरून आलं अशी एक कथा आहे. मुलतानची शहजादी नौटंकी, इतकी नाजूक की तिचं वजन भरलं नऊ टंक. पंजाबातल्या फूलसिंगला त्याची भावजय टोमणा मारते की एवढा रुबाब करतोस तर आण की नौटंकीला लग्न करून, आणि हा निघतो. हे सांगीत, म्हणजे गाण्यांतून सांगितलेलं नाटक, इतकं गाजलं की पुढे सगळ्या खेळालाच नौटंकी म्हणायला लागले. वरच्या हिशेबाने ती राजकन्या ४० ग्रॅमची झाली, म्हणजे आमच्या आजीच्या भाषेत तोळामासा प्रकृती. काही जण म्हणतात की हे नाव 'नाटक' शब्दाशी जोडलेलं आहे, टांकाशी नाही. पण गोष्ट सांगणाऱ्याला टांकच परवडतो.

वैद्य_सदाशिवपेठ

द्रवाचा विषय आहे म्हणून थोडक्यात. वजनाचंच नाव द्रवाला लावायची सवय किराण्यातली नाही, आयुर्वेदात पण हेच आहे. चार कर्षांचं एक पल, चार पलांचा एक कुडव, चार कुडवांचा प्रस्थ. कर्ष आता १२ ग्रॅम धरतात, म्हणजे कुडव १९२ ग्रॅमचा. पण कुडवाच्या वरच्या मापांत द्रव सांगितला असेल तर दुप्पट घ्यायचा असा नियम आहे, द्रवद्वैगुण्य म्हणतात त्याला. काढ्याच्या पाठात प्रस्थभर पाणी लिहिलंय म्हणून कुणी ७६८ मिली घालून बसलं तर काढ्याचा लेह, म्हणजे चाटण, होईल. तेव्हा जुन्या पोथीतलं माप वाचताना पदार्थ पातळ की कोरडा ते आधी बघायचं.

न्यूजर्सी_नाना

इकडे तरी काय वेगळं आहे. अमेरिकेतला गॅलन २३१ घनइंचांचा, तो इंग्लंडमधला १७०७ चा वाइनचा गॅलन. इंग्लंडने स्वतः १८२४ मध्ये तो टाकून देऊन दहा पौंड पाणी मावेल असा मोठा गॅलन केला, अमेरिकेने जुनाच ठेवला. त्यामुळे लंडनच्या बहिणीने पाठवलेल्या रेसिपीतला पाइंट आणि माझ्या ओट्यावरचा पाइंट वेगळे. बाजार बदलतो तसा शेर बदलतो, गॅलन पण.

किराणा_तिसरी_पिढी

धन्यवाद सगळ्यांना, बाबांना छटाकाचं सांगितलं, त्यांनी विषय बदलला. अजून एक विचारतो, वहीत पुढे ज्वारी-तुरीच्या नोंदी आहेत तिथं नवटाक कुठेच नाही, 'चिपटं', 'मापटं' आणि एका ठिकाणी 'कोळवं' लिहिलंय. तिथं आठव्या भागाला काय म्हणायचे?

पेठेतला_म्हातारा

तेच, कोळवं. धान्य तोलायचे नाहीत, मापायचे, त्यामुळे तिथं टांक-तोळ्याचं नाव यायचं काही कारणच नव्हतं. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. म्हणजे चिपटं पावशेराच्या जागी आणि कोळवं नवटाकाच्या जागी. फक्त हा शेर मापी, त्यात ज्वारी किती वजनाची बसते आणि तूर किती ते धान्यावर. मापाला शीग लावून दिलंय की काठ फिरवून सपाट केलंय तेही बघा, वहीत 'शिगेचं' असं लिहिलेलं सापडेल कुठेतरी.